बुडायचं सोंग

"नीट बुड ना गं. हसतेस काय?"

मॅडम जहाजाच्या वरच्या मजल्यावरनं ओरडल्या. मी खाली, पाण्यात. गळ्यापर्यंत. पाय मारत जागेवर थांबलेली. केस तोंडावर आलेले, नाकात धरणाच्या पाण्याचा शेवाळी वास. वर कठड्याला टेकून पोरं-पोरी ओळीनं उभी होती. पांढरे टी-शर्ट, छातीवर निळा नांगर. कॅमेरावाला कठड्यावरनं अर्धा बाहेर वाकला होता.

मघापर्यंत मला वाटत होतं खेळ चाललाय. खेळात माणूस हसणार नाही तर काय करणार?

"थोडे हातपाय झाड. घाबरल्यासारखं कर. तोंड पाण्याखाली जाऊ दे, मग वर ये. रडलीस तर फारच छान." एवढं मला सांगून त्या कॅमेरावाल्याकडं वळल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. पाण्यावर आवाज लांब जातो हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. "मला वाटलं होतं या मुलींना ॲक्टिंग सांगावी लागणार नाही. यांच्या चेहऱ्यावर असतंच ना ते."

कॅमेरावाला हसला.

असतंच ते. काय असतं? अजून कधी कधी आरशापुढं उभी राहिले की मी ते शोधते. नाक आहे, डोळे आहेत, डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण आहे. ते म्हणजे काय, ते सापडत नाही. राग मात्र येतो. त्या वेळी राग लगेच आला नव्हता. आधी नुसती लाज वाटली, आणि कशाची लाज वाटतेय तेच कळत नव्हतं.

पहिल्यापासून सांगते.

मी तेव्हा अकरावीत होते. भवानी पेठेत आमचं घर. आम्ही बौद्ध. पप्पा टॉवेलच्या कारखान्याचा टेम्पो चालवतात, मम्मी घरीच मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. आमच्या कॉलेजात एक दिवस गाडी भरून माणसं आली. सोलापुरातल्या मोठ्या घरांतली, होटगी रोडकडची. त्यांची एक संस्था होती आणि उजनीच्या धरणात त्यांचं जहाज होतं. म्हणायला जहाज. खरं तर दोन मजली मोठी लाँच. पण त्यांच्या तोंडी जहाज, म्हणून आमच्याही तोंडी जहाज. त्यांच्यातल्या मुख्य मॅडमनी सांगितलं, तरुण मुलांसाठी जहाजावर एक दिवस ठेवलाय. शिडाच्या होड्या, खेळ, जेवण, सगळं मोफत. संस्थेतल्या घरांची मुलं असतील आणि तुमच्यातली काही. दिवसाच्या शेवटी एकाला निवडणार. त्याला वर्षभर शिडाची होडी चालवायला शिकवणार आणि मग कोकणात, खऱ्या समुद्रावर शिबिराला नेणार.

ती जागा मला पाहिजे होती. लई पाहिजे होती. मला पाण्यावरचं काम करायचं होतं. बोटीवर, बंदरात, कुठंही, पण पाण्यावर. हे मी घरी बोलले की शेजारच्या काकू पोट धरून हसायच्या. सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी न्हाय आन् हिला जहाज पायजे, म्हणायच्या. मी पण हसायचे त्यांच्याबरोबर. पण रात्रंदिवस डोक्यात तेच. फोनवर पोरी शिडाच्या होड्या चालवताना बघायचे, वारा कुठनं आला की दोर कसा ओढतात ते बघायचे, आणि मम्मीच्या शिलाईच्या दोऱ्यानं तसल्या गाठी मारून बघायचे.

मॅडमनी वर्गात विचारलं, पोहता कुणाला येतं? चार-दोन हात वर झाले. मुलींत माझा एकटीचा. त्यांनी मला उभं केलं. कुठं शिकलीस? मामाच्या गावाला, विहिरीत. गाव कुठलं? श्रीपूरजवळ. आडनाव काय तुझं? मी सांगितलं.

"छान," त्या म्हणाल्या.

आडनाव ऐकल्यावर लोक जे छान म्हणतात ना, ते मला बरोबर ओळखू येतं. त्याच्या आधी एवढीशी जागा असते. श्वास घ्यायला लागते तेवढी. त्या जागेत त्यांचा सगळा हिशेब होऊन जातो. मला तिथंच संशय आला होता. पण संशय आला म्हणून आयती आलेली संधी कोण सोडतं? पोहता येतं म्हणून निवडलं, असं मी माझ्या मनाला सांगितलं. आणि ते खरंही होतं. पोहता येतं म्हणूनच त्यांनी मला निवडलं होतं.

पप्पांना पटलं नव्हतं. उगंच कोण कुणाला कायतर देत नसतंय, म्हणाले. त्यांचा काय फायदा हाय ते बघ आदी. मम्मीनं त्यांना गप केलं. पोरीला मिळतंय तर तुमी कशाला आडवं येताय?

जायच्या आदल्या दिवशी मेसेज आला. येताना जुने कपडे घालावेत, भिजण्याची शक्यता आहे. मम्मीनं तो मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, जुने कपडे घालून आपण कुटंच जात नसतोय. आमच्या घरचा हा नेम आजीपासूनचा. घरात काय वाटेल ते नेसा, फाटकं नेसा, पण चार माणसांत जाताना कपडा धुतलेला, इस्त्री केलेला. त्यांना आपल्याला जसं बघायची सवय हाय तसं दिसायचं न्हाय, असं आजी म्हणायची. मम्मीनं माझ्यासाठी निळी ट्रॅकपँट आणि पांढरा टॉप घेतला होता. पाणी यायचा दिवस नव्हता. तरी तिनं पिंपातलं पाणी काढून तो धुतला, दांडीवर वाळवला, आणि सकाळी इस्त्री करून माझ्या अंगात घातला.

माझ्याबरोबर अनुषा होती. माझ्याच वर्गातली, पूर्व भागातली. तिच्या घरी मागावर कापड विणतात, घरात तेलुगू बोलतात. तिला पोहता येत नव्हतं. पण बोलायला चटपटीत आणि दिसायला देखणी, म्हणून तिला घेतलं असावं. टेंभुर्णीच्या पुढं गेल्यावर बसच्या खिडकीतनं पाणी दिसायला लागलं, तसा तिनं माझा हात घट्ट धरला. एवढं पाणी, म्हणाली. एवढं पाणी हितं असताना आपल्याकडं कसं काय येत नाही गं?

धक्क्यावर उतरल्यावर मॅडमनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचं तोंड पडलं. खरंच पडलं. जुने कपडे म्हटलं होतं ना, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आहेत त्यातले जुनेच आहेत. खोटं बोलले. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या बाईला काहीतरी सांगितलं. ती बाई गाडीकडं गेली आणि एक पिशवी घेऊन आली. पिशवीत काय होतं ते मला नंतर कळलं.

जहाज सुटलं. खोटं कशाला बोलू, मला लई आनंद झाला. पाणी कापत जहाज निघालं, वारा तोंडावर आला, लांब पाण्यात पक्ष्यांची रांग दिसली, तेव्हा मला वाटलं ओरडावं. अनुषा तर ओरडलीच. मग खेळ सुरू झाले. रस्सीखेच झाली, अंताक्षरी झाली, दोराच्या गाठी मारायची स्पर्धा झाली. गाठींत माझा दुसरा नंबर आला. शिकवणारे सर म्हणाले, हात चांगला आहे तुझा. मी मनातल्या मनात ती जागा घेऊनच टाकली.

पण डोळे उघडे होते. पप्पांचं बोलणं कानात होतं. टी-शर्ट फक्त त्यांच्या मुलांना. आम्हाला का नाहीत, असं अनुषानं विचारलं, तर तुम्ही आहात तशाच छान दिसता, असं उत्तर मिळालं. सुकाणू धरायची पाळी आली तेव्हा त्यांच्या मुलांनी एकेक करून धरलं. जहाज डावीकडं वळायचं, उजवीकडं वळायचं, सगळे टाळ्या वाजवायचे. आमची पाळी आली तसं जहाज चालवणाऱ्या काकांनी इंजिन बंद केलं. धरा, म्हणाले. फोटो काढा. मी सुकाणू फिरवलं. जहाज जागचं हललं नाही. कॅमेरावाला म्हणाला, हस. मी हसले नाही, तर त्यानं तोच फोटो काढला आणि म्हणाला, हा पण चालेल.

हा पण चालेल म्हणजे कुठं चालेल? मी त्याला विचारणार होते. विचारलं नाही.

जेवण झाल्यावर मॅडमनी मला बाजूला घेतलं. आता एक मजेचा खेळ आहे म्हणाल्या. जहाजावर नेहमी खेळतात. माणूस पाण्यात! एकानं पाण्यात राहायचं, दुसऱ्यानं उडी मारून त्याला ओढून आणायचं. हे लाइफ जॅकेट काढ. तुला येतं ना पोहता?

जॅकेट काढ म्हटल्यावर मला परत कसंतरी वाटलं. सकाळपासून त्यांनी दहा वेळा बजावलं होतं, काही झालं तरी जॅकेट काढायचं नाही. आणि आता माझ्या एकटीचं काढायचं. पण मला पाण्यात उतरायचं होतं. मी पोहते ते त्यांना दिसलं पाहिजे होतं. मी कठड्यावर चढले आणि सूर मारला. वरनं कुणीतरी वा म्हणालं, ते मी ऐकलं.

मला ओढून आणायला निहार उतरला. त्यांच्यातलाच, बारावीतला, उंच, गोरा, बोलायला चांगला. त्यानं जॅकेट घातलं होतं. माझ्या काखेखालनं हात घालून त्यानं मला उताणं धरलं आणि ओढायला लागला. मला गुदगुल्या झाल्या. मी हसायला लागले. तो पण हसला. सॉरी हं, म्हणाला, ममाचं चाललंय हे सगळं. त्याला परदेशात कॉलेजला जायचं होतं. तिथं ॲडमिशनला नुसते मार्क चालत नाहीत, समाजासाठी काय केलं ते दाखवावं लागतं. म्हणून हा व्हिडिओ. मी गरीब मुलांना पाण्यात वाचवायला शिकवतो असं काहीतरी, तो म्हणाला. मग घाईनं म्हणाला, तुला फुकट ट्रेनिंग मिळेल ना पण.

ममा म्हणजे मॅडम. मला तोवर माहीत नव्हतं.

तो सरळ मनानं सांगत होता. त्यात काही वाईट आहे असं त्याला वाटतच नव्हतं. त्याचा मला फार राग येत नाही. पण त्याच्या हातात उताणी पडून आभाळाकडं बघताना सकाळपासूनचं सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. जुने कपडे का, टी-शर्ट का नाही, न हसणारा फोटो का चालेल, पोहणारीच पोरगी का. बुडायचं दाखवताना खरंच बुडली तर पंचाईत. म्हणून पोहणारी पाहिजे.

मी त्याच्या हातातनं सुटले आणि जागेवर पाय मारत थांबले. अजून चेहऱ्यावर हसू होतं, ते जायचं राहिलं होतं. आणि तेव्हाच मॅडम वरनं ओरडल्या, नीट बुड ना गं.

मी वर आले. मला केबिनमध्ये नेलं. ती पिशवी तिथं होती. मॅडमनी त्यातनं एक फ्रॉक काढला. विटका गुलाबी, खांद्यावर उसवलेला, धुतलेला पण कपाटाचा वास येणारा. तुझ्या या कपड्यांत ते नीट दिसत नाही, त्या म्हणाल्या. हा घाल. परत एकदा करू, पाचच मिनिटं. यावेळी रडायचं आणि वाचवा म्हणून ओरडायचं. मी विचारलं हा कुणाचा आहे. आमच्या कामाच्या मावशींच्या मुलीचा, म्हणाल्या. खास मागून आणलाय.

तो फ्रॉक माझ्या हातात होता. मला मम्मीची इस्त्री आठवली नाही, काही नाही. मला मामाची विहीर आठवली.

आजीच्या लहानपणी त्या गावात आमच्यातला एक पोरगा कालव्यात पडला. काठावर गावातली पोहणारी माणसं उभी होती. धडधाकट. कुणी पाण्यात उतरलं नाही. आमच्या पोराला हात लावायचा कसा? तो त्यांच्या डोळ्यांसमोरनं वाहून गेला. पुढं आमच्या लोकांनी वस्तीत स्वतःची विहीर खणली आणि नेम घातला. पोरगा असो का पोरगी, कमरेला दोर बांधून विहिरीत सोडायचं. आपल्याला काडायला कोण येत नसतंय, आपलं आपणच बाहेर यायचं. मामानं मला तसंच सोडलं होतं. आणि दुसरा नेम पहिल्याहून कडक. विहिरीत बुडायचं सोंग करायचं नाही. गंमत म्हणून पण नाही. ज्यानं सोंग केलं त्यानं उन्हाळाभर विहिरीच्या काठावर पाय ठेवायचा नाही. माझ्या मावसभावानं एकदा केलं होतं, तर मामानं त्याला भर उन्हात सगळ्या वस्तीपुढं उभं केलं. सोंगाला लोक एकदा धावत्यात, मामा म्हणाला, दुसऱ्यांदा धावत न्हाईत. आपल्यासाटी तर पहिल्यांदाबी कुणी धावलं नव्हतं.

मी फ्रॉक टेबलावर ठेवला. घडी करून ठेवला. तो ज्या पोरीचा होता तिचा काय दोष?

"मी बुडायचं सोंग करणार नाही."

मॅडमना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्या समजुतीच्या सुरात बोलायला लागल्या. यात अपमान कसला, हे चांगल्या कामासाठी आहे, हा व्हिडिओ बघून लोक मदत करतील, तुमच्याच मुलामुलींचा फायदा होईल. मी फ्रॉकला परत हात लावला नाही. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "जागा एकच आहे. आणि ती कुणाला द्यायची ते मी ठरवणार आहे."

मी डगमगले. हे लपवत नाही. ती जागा मला दिसत होती. समुद्र दिसत होता. पाच मिनिटं हातपाय झाडायचे, तोंड वाकडं करायचं, आणि वर्षभर शिडाची होडी. बघणाऱ्यांत ओळखीचं कोण असणार होतं? मी खिडकीतनं पाण्याकडं बघत राहिले. मला रडायला आलं, तेही खरं. आणि मग आणखी राग आला, कारण मी आत्ता रडले तर बाहेर कॅमेरा तयारच होता.

मी नाही म्हटलं.

बरं, मॅडम म्हणाल्या. दार उघडून त्यांनी अनुषाला हाक मारली. अनुषा आली. तिला सगळं सांगितलं, जागेचंही सांगितलं. अनुषानं माझ्याकडं बघितलं नाही. करते की मी, म्हणाली. फ्रॉक उचलला. मी म्हटलं, मॅडम, तिला पोहता येत नाही. मॅडम म्हणाल्या, आतनं जॅकेट घालू, निहार आहेच खाली. वरनं फ्रॉक घातला की दिसणार नाही. त्या हे असं सांगत होत्या की जणू पदराला पिन लावायचीय.

मी दारात उभी राहिले. हात पसरून, चौकटीच्या दोन्ही बाजूंना धरून. अनुषा म्हणाली, सरक की. मी सरकले नाही. बाहेर पांढऱ्या टी-शर्टवाली मुलं जमली. कॅमेरावाला आला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आमच्यातलं कुणी बुडणार नाही. तुम्हाला बुडायचं दाखवायचं असेल तर तुमचं कुणीतरी बुडवा."

निहार खाली बघत होता. मॅडमचा चेहरा लाल झाला. उपकारच करायला नकोत या लोकांवर, असं त्या बोलून गेल्या. त्या दिवशी त्या खरं एवढंच एक बोलल्या.

मी डेकवर आले आणि परत उडी मारली. माझ्याच कपड्यांत. कुणी सांगितलं नव्हतं. मी पोहायला लागले. हात लांब टाकत, मामानं शिकवल्यासारखं. जहाजाला पूर्ण वळसा घातला. बाजूला टायर लटकत होते, त्यांना धरून मी स्वतः वर चढले. पाणी निथळत कॅमेऱ्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, घ्या शूटिंग. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला.

परतीच्या वाटेवर मोहोळला बस थांबली. अनुषा म्हणाली, "तू गप बसली असतीस तर आपल्या दोघींतल्या एकीला तर मिळाली असती." मी म्हटलं, तू मेली असतीस. ती म्हणाली, नसते मेले. आणि तिनं तोंड खिडकीकडं केलं. आम्ही आज बोलतो, पण त्या दिवसाबद्दल नाही. तिची चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. तिलाही ती जागा तेवढीच पाहिजे होती.

महिनाभरानं व्हिडिओ आला. पप्पांच्या कारखान्याच्या ऑफिसातल्या बाईंनी मम्मीला बोलावून दाखवला. म्हणाल्या, बघा, तुमची मुलगी किती थोडक्यात वाचली. मम्मीनं घरी येऊन फोन माझ्यापुढं धरला. पहिल्यांदा सुकाणूपाशी मी, न हसणारी. मग पाणी. मग निहारच्या हातात मी. मी हसत होते, तोंड उघडं, डोळे मिटलेले. लांबनं बघितलं तर हसणं काय आणि रडणं काय, सारखंच दिसतं. वरनं करुण गाणं. निहारचा इंग्रजी आवाज आणि खाली मराठीत अक्षरं, या मुलीनं आयुष्यात कधी एवढं पाणी पाहिलं नव्हतं. शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र, संस्थेचं नाव. मी सूर मारलेला त्यात नव्हता.

मम्मीनं विचारलं, खरंच बुडत हुतीस व्हय? मी सगळं सांगितलं. तोवर तिला मी अर्धंच सांगितलं होतं. संध्याकाळी मामाचा फोन आला, त्याच्यापर्यंतही पोचला होता व्हिडिओ. त्यानं एकच विचारलं, सोंग केलंस का? मी म्हटलं, नाही मामा. मग त्यांना जाऊन सांग, म्हणाला.

पप्पा म्हणाले, सोडून द्या. मोठी माणसं हायती, आमच्या मालकांची न् त्यांची वळख हाय, टेम्पो त्यांच्यावरच चालतोय. पप्पा भित्रे नाहीत. पण घर त्यांच्या टेम्पोवर चालतं. मम्मीनं शिलाईचं मशीन झाकून ठेवलं, साडी बदलली आणि म्हणाली, चल.

संस्थेच्या ऑफिसात एसीचा थंडगार वारा. मॅडमनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. मी म्हटलं, तो व्हिडिओ काढून टाका, ते खोटं आहे. मॅडम हसल्या. त्यात तुझं नाव कुठे आहे, म्हणाल्या. कुणाला कळणार आहे ती कोण ते? एवढ्या लांबून तुला कोण ओळखणार?

मम्मीनं चहाचा कप तसाच बाजूला सारला.

"मी वळखलं की," ती म्हणाली.

मॅडम थोड्या गडबडल्या. मग त्यांनी टेबलावर पुढं झुकून मला सांगितलं की ती जागा अजून कुणाला दिलेली नाही. संस्थेचा वार्षिक कार्यक्रम आहे. तिथं तो व्हिडिओ दाखवतील. मी फक्त स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे, आभाराचे. मग जागा माझी. कोकण, समुद्र, सगळं.

मम्मीनं माझ्याकडं बघितलं. ती हो म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. पोरीचं स्वप्न तिला माहीत होतं. तिनं माझ्यावर सोडलं.

मी म्हटलं, जागा द्यायची असेल तर माझ्या पोहण्यावर द्या, गाठींवर द्या. माझी परीक्षा घ्या. नापास झाले तर नका देऊ. मॅडम म्हणाल्या, तसं नसतं गं ते. मी म्हटलं, मग कसं असतं? त्यांनी घड्याळाकडं बघितलं.

आम्ही उठलो.

जागा गेली. त्यांच्याच ओळखीतला एक मुलगा कोकणात गेला असं कळलं. निहार परदेशात गेला. व्हिडिओ अजून आहे. मी बारावी झाले, आता डिग्री कॉलेजात आहे. शिडाची होडी मला अजून चालवता येत नाही. वाईट वाटतं. समुद्र मी अजून बघितलेला नाही. हे कुणी बरं करू शकत नाही, आणि मला बरं वाटून घ्यायचंही नाही.

यंदा परत त्यांचा बोर्ड लागलाय. तरुणांसाठी जहाजावर एक दिवस. आमच्या पेठेतल्या पोरींची नावं घेतलीत. त्यांच्या आयांनी नवे कपडे आणलेत. पप्पा म्हणतात, कशाला नडतीस? त्यांना मी सांगितलं, टेम्पोचं काय व्हायचं ते होऊ दे, मी जाणार. मम्मी पण येणार आहे.

मी धक्क्यावर उभी राहणार. जहाज सुटायच्या आधी एकेका पोरीला गाठून सांगणार. पोहायला सांगितलं तर पोहा. दोर ओढा, सुकाणू मागा, इंजिन बंद केलं तर चालू करायला लावा. बुडायला सांगितलं तर बुडू नका. ते माझ्यावर ओरडतील, पोलिसांना बोलावतील. काठावरनं हाकललं तर पाण्यात उतरेन आणि पाण्यातनं सांगेन. आम्हाला पाण्यावरनं हाकलायचे दिवस गेले.